प्रोसिजर लोकलला चालते, सर्व्हरवर मेटाडेटाची एरर येते: कनेक्शनमध्ये काय बदलायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: जावा ॲप आहे, मागे मायएसक्यूएल ८. स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला आणि नावाने चालवायचा कोड, तुमच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालते, पण सर्व्हरवर ‘पॅरामीटरचे प्रकार ठरवायला लागणारा मेटाडेटा (प्रोसिजरबद्दलची माहिती) बघायची या युजरला परवानगी नाही’ अशा अर्थाची एरर येते. डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे, म्हणतात, एक्झिक्यूट (चालवायचा अधिकार) दिलंय, आता आमचा संबंध नाही.

डीबीए खोटं बोलत नाहीयेत. एक्झिक्यूट असलं की प्रोसिजर चालवता येते, पण तिचा आतला मजकूर वाचता येत नाही. आणि कनेक्टर/जे, म्हणजे जावा ॲपला मायएसक्यूएलशी जोडणारा जेडीबीसी ड्रायव्हर, कॉल करण्याआधी नेमका तोच मजकूर वाचायला जातो. कुठला पॅरामीटर इन (आत जाणारा), कुठला आउट (उत्तर घेऊन येणारा), कुणाचा टाइप काय, हे त्याला तिथून कळतं. लॅपटॉपवर तुम्ही बहुधा रूटने लॉगिन करता, किंवा प्रोसिजर तुम्हीच बनवलेली असल्यामुळे तिचे डिफायनर, म्हणजे नोंदलेले मालक, तुम्हीच असता. मग सगळं दिसतं.

खात्री करायची तर ॲपच्याच युजरने कमांड लाइनवर लॉगिन करा आणि त्या प्रोसिजरवर ‘शो क्रिएट प्रोसिजर’ चालवा. ओळ येईल, प्रोसिजरचं नावही दिसेल, पण व्याख्येच्या रकान्यात नल, म्हणजे काहीच नाही, असं असेल. तो नल दिसला की कोडमध्ये शोधाशोध थांबवा.

आता उपाय. एरर स्वतःच एक सुचवते: कनेक्शन यूआरएलमध्ये ‘नो ॲक्सेस टू प्रोसिजर बॉडीज’ ही प्रॉपर्टी ट्रू करा. पाचही शब्द सलग, पहिला शब्द पूर्ण स्मॉल अक्षरांत आणि पुढच्या प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल. नाव एररच्या मजकुरात आहेच, तिथूनच कॉपी करा, हाताने टाइप करू नका. यूआरएलमध्ये आधी काही प्रॉपर्टी असतील तर मधे अँपरसँड टाका. कॉन्फिगरेशन एक्सएमएल फाइलमध्ये असेल तर तो अँपरसँड एस्केप करावा लागतो, म्हणजे एक्सएमएलच्या ठरलेल्या सांकेतिक रूपात लिहावा लागतो, नाहीतर फाइलच पार्स होत नाही.

ही प्रॉपर्टी लावली की ड्रायव्हर मजकूर वाचायचा नाद सोडतो आणि सगळे पॅरामीटर इनआउट स्ट्रिंग, म्हणजे आत-बाहेर दोन्हीकडे जाणारा मजकूर, आहेत असं गृहीत धरतो. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागतं, पण दोन गोष्टी सांभाळा. एक, पॅरामीटर नावाने देता येत नाहीत, क्रमांकानेच द्यायचे. कोडमध्ये नावं वापरली असतील तर जुनी एरर जाऊन नवी येईल. दुसरं, इन पॅरामीटरला चुकून आउट म्हणून रजिस्टर केलंत तरी ड्रायव्हर आता टोकणार नाही, तेव्हा क्रम स्वतः तपासा. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचा सिंपल जेडीबीसी कॉल वापरत असाल तर तिथेही मेटाडेटा न बघण्याची सोय आहे. ती चालू करून पॅरामीटर स्वतः डिक्लेअर करा.

दुसरा मार्ग परवानगीचा. नेटवरची जुनी उत्तरं सांगतात की मायएसक्यूएल डेटाबेसमधल्या ‘प्रोक’ टेबलवर सिलेक्ट द्या. ते ५.७ पर्यंत ठीक होतं. ८.० मध्ये ते टेबलच उरलेलं नाही, त्यामुळे त्या उत्तरांच्या मागे लागू नका. ८.०.२० पासून त्यासाठी ‘शो रूटीन’ नावाचा वेगळा अधिकार आला आहे. तोही फक्त ग्लोबल देता येतो, एका डेटाबेसपुरता नाही. म्हणजे तुमच्या ॲपच्या युजरला त्या सर्व्हरवरच्या झाडून सगळ्या प्रोसिजर वाचता येणार. सर्व्हर चार टीम वापरत असतील तर डीबीए नाही म्हणतील, आणि माझ्या मते त्यांनी नाहीच म्हणावं. सर्व्हर तुमच्या एकट्याचा असेल आणि कोडभर नावाने पॅरामीटर दिलेले असतील, तरच मी हा अधिकार मागेन. नाहीतर यूआरएलमधली प्रॉपर्टी बरी.

काहीजण वैतागून ॲपलाच रूटचा पासवर्ड देऊन टाकतात. एरर जाते खरी, पण तसलं काही करू नका.

एक जवळची भानगड सांगून ठेवतो, कारण हा अधिकार मिळाल्यावर पुढची अडचण बऱ्याचदा तीच निघते. एकाच सर्व्हरवर लाइव्ह आणि टेस्ट असे दोन डेटाबेस, आणि दोन्हींत त्याच नावाची प्रोसिजर. कनेक्टर/जे ५.१ मध्ये डेटाबेसचं नाव दिलं नाही तर चालू डेटाबेस धरला जायचा. ८ मध्ये हा डिफॉल्ट उलटा झाला, म्हणजे ड्रायव्हर दोन्ही डेटाबेसमधल्या प्रोसिजर बघतो. त्यामुळे पॅरामीटरची संख्या जुळत नाही अशा विचित्र तक्रारी येऊ शकतात. ‘नल डेटाबेस मीन्स करंट’ ही प्रॉपर्टी ट्रू करून बघा. जुन्या आवृत्त्यांत तिच्या नावात डेटाबेसच्या जागी कॅटलॉग असायचं.

आणि यातलं काहीही बदललं की कनेक्शन पूल, म्हणजे ॲपने उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, रिस्टार्ट करा. ग्लोबल अधिकार नव्या कनेक्शनलाच लागू होतात. हिकारीसारखा पूल जुनी कनेक्शनं धरून बसलेला असतो, त्यामुळे डीबीएंनी अधिकार दिल्यानंतरही तुम्हाला थोडा वेळ तीच एरर दिसत राहील.