काउंटरवरून कळत नाही

लालबाग, मुंबई

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा चहा अर्धा टाकून गेलास. तो कागदही इथेच विसरलास, की मुद्दाम ठेवून गेलास? तुझ्या ताईच्या सोसायटीने काढलेला अर्ज मी दोनदा वाचला. ‘हिंसक मोबाइल गेमवर तात्काळ बंदी घालावी.’ खाली एक्केचाळीस सह्या, आणि तुझ्या नावापुढची जागा कोरी. तू विचारलंस, ‘मावशी, सही करू का?’ आणि दोन मिनिटांनी, ‘की नोकरीच सोडून देऊ?’ मी तेव्हा काही बोलले नाही, कारण कुकरची शिट्टी झाली आणि मला राग आला होता. रागात बोललेलं मला नेहमी महागात पडलंय, म्हणून लिहिते.

नोकरीचं आधी उरकते. मालाडच्या गेम कंपनीत दिवसभर तू काय तपासतोस ते तूच हसत सांगितलं होतंस. गोळी लागल्यावर रक्ताचा शिंतोडा भिंतीवर बसतो की भिंतीच्या आरपार जातो. आरपार गेला तर बग, म्हणजे चूक. एकदा एकाच माणसाला एकाच जिन्यावर शेकडो वेळा मारलंस, कारण तो मेल्यावर त्याची टोपी हवेतच तरंगत राहायची. मला हसू आलं, तुलाही. आणि त्याच आठवड्यात ताईने फोन करून सांगितलं, ‘आता पोराला मामाकडे पाठवणार नाही,’ तेव्हापासून तुला स्वतःच्या हाताला रक्त दिसायला लागलं. नोकरी सोडायची तर पगारासाठी सोड, पाठदुखीसाठी सोड. भाच्यासाठी सोडतोय म्हणून मिरवू नकोस. तू राजीनामा दिलास तरी तो अकरा वर्षांचा पोरगा दुपारी एकपासून संध्याकाळी सातपर्यंत त्या घरात एकटाच असणार आहे, आणि हातात फोन असणारच आहे.

मला राग कशाचा आला ते सांगते. चपला घालता घालता तू म्हणालास, ‘मी काहीच केलं नाही गं, भाच्याने गेममध्ये माझा नंबर टाकला, मी फक्त ओटीपी सांगितला.’ अरे, अठरा वर्षांखालच्या पोराने खेळायचं तर आईबापाच्या नाहीतर पालकाच्या नंबरची खातरजमा हवी, एवढी एकच कडी त्या दाराला लावलेली. ती तू मीटिंगमध्ये बसून, फोन कानाला लावून, आकडे वाचून काढलीस. त्या क्षणी तू पालक होतास. त्यानंतर एकदा तरी त्याच्या शेजारी बसलास का?

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. शेजारी बस. पुढे मी आणखी कितीही लिहिलं तरी फिरून इथेच येणार, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

बंदीचं म्हणशील तर बंद्या मी बघितल्यात. २ सप्टेंबर २०२०. पबजी या गोळीबाराच्या गेमसकट ११८ ॲपवर केंद्राने बंदी घातली, तेव्हा आमच्या चाळीत दोन बिऱ्हाडांनी पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि विचारलं, बंदी कशासाठी घातली ते वाचलंत का? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ अ. कारण दिलेलं देशाच्या सुरक्षेचं, लोकांची माहिती बाहेर जाते याचं. पोरं बिघडतात याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. सीमेवर तणाव होता म्हणून गेम गेला, आणि आमच्या वहिनींना वाटलं सरकार त्यांच्या मुलाच्या दहावीसाठी धावून आलं! जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय असं नवं नाव घेऊन हजर. रक्त हिरवं केलेलं. तूच मला दाखवलं होतंस, ‘बघ मावशी, आता पालेभाजी सांडल्यासारखं दिसतं.’ पुढच्याच वर्षी जुलैत परत काढून टाकला, मे २०२३ मध्ये परत आला, आणि येताना घड्याळ बांधून आला: मुलांना दिवसाला तीन तास, मोठ्यांना सहा. मुलांनी काय केलं? मोठ्यांचे नंबर टाकले. मोठ्यांनी ओटीपी सांगितले. टोमणा तुलाच आहे.

राजकोटला तर मार्च २०१९ मध्ये पोलिसांनी शहरात पबजीवर बंदी घालून कॉलेजची पोरं खेळताना पकडली होती. त्याच वर्षी जानेवारीत इथे, आपल्या उच्च न्यायालयात, अकरा वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत याचिका केली, की हा खेळ बंद करा. तुझ्या भाच्याचंच वय. मला त्या मुलाचं कौतुक आहे, खरंच. अर्ज निदान त्याने स्वतः केला. सोसायटीच्या अर्जावर एकाही पोराची सही नाही. त्यांना कोणी विचारलंच नसेल.

आता माझं. तुला वाटतं मावशी सायबर कॅफे चालवायची म्हणून गेमच्या बाजूने बोलते. बोलते खरी. तुझे काका कामाला होते ती गिरणी बंद पडली, व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे, पैसे हातात आले, ते दारूत जायच्या आत मी लॅमिंग्टन रोडवरून सहा जुने कॉम्प्युटर आणले. २००१ साल. तळमजल्याच्या गाळ्यात, तासाला वीस रुपये. पहिले सहा महिने लोक ईमेल करायला आले, मग एका पोराने सहाही मशीन वायरने जोडून काउंटर-स्ट्राइक हा गोळ्या झाडायचा गेम टाकला आणि माझं घर चालायला लागलं. शाळा सुटली की दप्तरं टेबलाखाली, आणि ‘मागे बघ, मागे बघ, मेलास!’ त्या आरडाओरड्यावर मी दोन पोरांची फी भरली आहे. ते पाप वाटून घ्यायला मी आजही तयार नाही.

आणि मी बेफिकीर नव्हते, हेही लिहून ठेवते. त्याच सुमाराला उच्च न्यायालयाने इंटरनेटवरच्या नको त्या गोष्टींपासून मुलांना वाचवण्यासाठी समिती नेमली होती. तिच्या शिफारशींत एक अशी होती, की सायबर कॅफेत लहान मुलांना उघड्यावरच्याच मशीनवर बसवावं, आडोशाला नाही. पेपरात वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून प्लायवुडच्या केबिनी काढून टाकल्या. कोणी सांगायला आलं नव्हतं. सगळे मॉनिटर माझ्याकडे तोंड करून. काउंटरवर बसलं की सहाही पडदे दिसायचे. नको ते काही दिसलं की मी इथूनच ओरडायची. लोक म्हणायचे, पोरगा बाईंच्या कॅफेत आहे ना, मग काळजी नाही.

सहा नंबरच्या मशीनवर माझा धाकटा असायचा. तेरा वर्षांचा.

२००४ च्या पावसाळ्यात गल्ल्यात पैसे कमी पडायला लागले. कधी दहा, कधी वीस, एकदा पन्नास. तीन महिन्यांत चौदाशेच्या आसपास गेले. हाताखाली एक पोरगा होता, चिंचपोकळीचा, झाडू-पोछा करायचा, रजिस्टर लिहायचा. गणपतीच्या चार दिवस आधी मी त्याला काढला. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. त्याची आई आली होती हात जोडायला, तिलाही मी दारातूनच परत पाठवलं.

बारा वर्षांनी, धाकट्याच्या लग्नाच्या आदल्या रात्री, तो हळदीच्या अंगाने माझ्या बाजूला येऊन बसला आणि म्हणाला, ‘आई, ते पैसे मी घेत होतो.’ पलीकडच्या गल्लीतली मोठी पोरं मॅचवर पैज लावायची. दहा रुपयांपासून सुरू. हरला की उधारी, उधारी चढली की दमदाटी. शाळेच्या वाटेवर गाठायचे. हे सगळं माझ्या गाळ्यात, माझ्यापासून आठ फुटांवर ठरायचं, कुजबुजत. मी पडदा बघत होते. पडद्यावर कोण कोणाला मारतंय, रक्त किती उडतंय, बाई-बिई तर नाही ना. पडद्यासमोरच्या पोराचा चेहरा मला पाठमोरा होता. मॉनिटर माझ्याकडे वळवले की मुलांच्या पाठी माझ्याकडे येतात, हे सुताराला कळलं असेल, मला नाही.

काउंटरवरून सगळं दिसतं रे. कळत काही नाही. शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, तो मला पटतो. तिथे मी बंदीवाल्यांच्या बाजूची आहे, मला अडाणी म्हणायचं तर म्हण. पण माझ्या गाळ्यातली दहा रुपयांची पैज त्या कायद्यालाही दिसली नसती.

शेजारी बसल्याने काय होतं तेही मी पाहिलंय, म्हणून एवढी हट्टाने सांगते. एक बाप रोज सातला यायचा, बीपीटीत, म्हणजे गोदीत, नोकरीला. दारातूनच पोराच्या नावाने शिवी, मग कान धरून ओढत घरी. महिनाभर हा तमाशा. एका दिवशी मीच वैतागून प्लास्टिकचं स्टूल सरकवलं आणि म्हटलं, दहा मिनिटं बसा, तास संपतोय, पैसे भरलेत त्याने. बसला बिचारा, अवघडून. थोड्या वेळाने विचारतो, ‘हा पळतोय तो तू?’ पोरगा म्हणाला, ‘नाही, माझे फक्त हात दिसतात.’ ‘मग तुला मारणारा कोण?’ ‘तो काय, तीन नंबरवर बसलाय.’ बापाने वळून तीन नंबरकडे बघितलं. चष्मेवाला शेजारचाच मुलगा, जीभ बाहेर काढून माउस फिरवत होता. बाप हसला. मग त्याने विचारलं, ‘तू मेलास की काय होतं?’ पोरगा म्हणाला, ‘काही नाही, थांबायचं, बाकीच्यांचं बघायचं.’ त्यानंतर तो रोज पावणेसातला यायचा आणि पंधरा मिनिटं स्टुलावर बसायचा. सातच्या ठोक्याला पोरगा आपणहून उठायचा. दुसऱ्याच्या बापाला मी स्टूल दिलं. स्वतः मात्र काउंटर सोडून कधी सहा नंबरला गेले नाही. धंद्याची वेळ असायची, काय करणार? सुटे पैसे कोण देणार? हे लिहिताना मलाच कळतंय की मी सबबी देते आहे.

तू तो ऑक्सफर्डचा अभ्यास पाठवला होतास, २०१९ चा. सुनेने बसून समजावला. ब्रिटनमधली चौदा-पंधरा वर्षांची हजारावर मुलं, त्यांचे आईबापही विचारलेले, आणि हिंसक गेम खेळण्याचा न् मुलांच्या आक्रमक वागण्याचा संबंध सापडला नाही. ठीक आहे. तुझ्या जिवाला गार वाटलं असेल. पण हा कागद ताईच्या तोंडावर मारू नकोस. तिला हजार मुलांची काळजी नाही, एकाची आहे. आणि पोरगा जेवणाचं ताट ढकलून देतो, आजीला ‘मरू दे’ म्हणतो, हे तिने डोळ्यांनी बघितलंय. खेळामुळे म्हणतो की एकटेपणामुळे, ते तुझा कागद सांगणार नाही. शेजारी बसलेला सांगेल.

सून म्हणाली, अमेरिकेतही भांडण झालं होतं. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये मुलांना हिंसक गेम विकायला बंदी केली, २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा रद्द केला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलं, मुलांच्या परीकथा तरी कुठे सौम्य आहेत, त्यात मुलंच बाईला भट्टीत भाजतात. मी म्हटलं, आपल्याकडे ये! श्रियाळ-चांगुणेची गोष्ट आमच्या आजीने श्रावणात आम्हाला किती वेळा सांगितली असेल. आई स्वतःच्या चिलयाला कापते, शिजवते, आणि त्याचं डोकं उखळात घालून कांडताना ओव्या म्हणते. पाच-सहा वर्षांच्या होतो आम्ही. आजी कांडणाच्या ओवीला आली की माझा हात घट्ट धरायची, आणि तिचाच आवाज फाटायचा. चिलया परत येतो तोवर हात सोडायची नाही. तीच गोष्ट अंधाऱ्या खोलीत एकटीने ऐकली असती तर मला झोप लागली असती का? आजी गोष्टीत कात्री लावत नव्हती. आणि उठून स्वयंपाकालाही जात नव्हती.

म्हणून सही करू नकोस. आणि सही न करण्यालाही काही मोठी गोष्ट समजू नकोस. ताईशी वाद घालायला तर जाऊच नकोस. ती सकाळची लोकल पकडते आणि रात्री घरात शिरते तेव्हा तिच्या हातात बंदीशिवाय दुसरं काही उरलेलं नसतं. मीही तिच्या जागी सहीच केली असती. सिनेमाला निदान सेन्सॉर बोर्ड आहे, आता यूए प्रमाणपत्रातही वयाचे ७, १३, १६ असे आकडे घातलेत. गेमला आपल्याकडे असं सरकारी मंडळ नाही, फोनवर डाउनलोडच्या बटणाजवळ बारीक अक्षरात ‘१६ +’ असतं. ते तुला ओटीपी सांगताना दिसलं नाही, तिला कुठून दिसणार?

शनिवारी कांजूरला ताईकडे जा. तिला आधी ओटीपीचं सांग, स्वतःच्या तोंडाने. ती बोलेल, ऐकून घे. त्याला अकरा वर्षांचा असताना हा खेळ द्यायचा नाही असं तिने ठरवलं तर तो तिचा हक्क आहे, तू तुझ्या हाताने काढून टाक. पण काढायच्या आधी एकदा त्याच्या बाजूला बस आणि त्याला खेळू दे. हेडफोन काढायला लाव, समोरून कोण बोलतं ते तुझ्याही कानांनी ऐक. कोणाबरोबर खेळतो, नावं विचार. कोणी काही मागतं का विचार. तुला त्या खेळाचं सगळं माहीत आहे म्हणून शिकवत बसू नकोस, तोंड बंद ठेव, त्याला सांगू दे. ती तरंगणाऱ्या टोपीची गोष्ट मात्र सांग. त्याला आवडेल.

तो चिंचपोकळीचा मुलगा आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दोनदा समोरून गेले, पायरी चढले नाही. माझ्या फोनची काच गेले आठ महिने तडकलेलीच आहे. तू रविवारी ये, बरोबर जाऊ. तू नुसता बाजूला उभा राहा.

तुझी,
मावशी

ता. क. सोसायटीच्या अर्जाच्या मागे मी वाणसामानाची यादी लिहिली. ताईने विचारलं तर तुझं नाव सांगू नकोस, माझं सांग.