क्राकूवच्या खाणीतले दगड

प्रश्न : मुलगा पोलंडला नोकरीला आहे, म्हणून मे महिन्यात आम्ही दोघं क्राकूवला जाऊन आलो. तिथे एका गाईडने लिबान नावाच्या दगडखाणीत नेलं. वाटेवर हिब्रू अक्षरं कोरलेले थडग्यांचे दगड फरशीसारखे बसवलेले. रेवदंड्यात आमच्या शेजारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, आजी होत्या; त्यांच्या थडग्यावर अशीच अक्षरं आहेत, खाली मराठीत नाव. दगडावर हात ठेवला आणि मला रडू आवरेना. परत आल्यावर भाचा म्हणाला, "मामी, ते ‘शिंडलर्स लिस्ट’ सिनेमाच्या सेटचे दगड, खोटे." तेव्हापासून फसल्यासारखं वाटतंय. – एक वाचक, रेवदंडा

उत्तर : ताई, गाईडने आधी सांगायला हवं होतं, त्याचा मलाही राग आला. पण तुमचं रडणं वाया गेलेलं नाही.

सिनेमा १९९३ चा, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या छळावरचा. क्राकूवमधल्या प्लाशुव या नाझी छळछावणीचा सेट सिनेमावाल्यांनी या खाणीत उभारला, कारण खऱ्या जागेभोवती नव्या इमारती झाल्या होत्या. काम संपल्यावर त्यातलं बरंच तिथेच राहिलं. पण त्याच खाणीत १९४२ ते १९४४ नाझींची शिक्षा-छावणी होती आणि पोलिश माणसांकडून दगड फोडून घेत. आणि थडग्यांचे दगड? प्लाशुवची छावणी ज्यूंच्या दोन दफनभूमींवर बांधली, तिथले दगड उपटून रस्त्यांना घातले. तुम्ही हात ठेवलात तो दगड नकली, पण अशा दगडांवरून माणसं खरोखर चालवली गेली.

मी गेले होते तेव्हा खाणीलगतच्या त्या खऱ्या जागेवर तासभर थांबले. गवताचा चढउताराचा माळ. एक बाई कुत्र्याला फिरवत होती. दाखवण्यासारखं फार काही नाही, म्हणून काही गाईड तिकडे नेत नसतील. माझ्या मते न्यायला तिथेच हवं.

याच सिनेमाची आणखी एक गोष्ट. ऑशविट्झ-बिर्केनाउ या नाझी मृत्युछावणीच्या आत चित्रीकरण करायला जागतिक ज्यू काँग्रेसने हरकत घेतली, तेव्हा फाटकाबाहेर सेट लावून काम उरकलं. त्या छावणीत सुमारे ११ लाख माणसं मारली गेली. तिथे भाड्याची गर्दी उभी करायची नाही, हे त्यांनी मानलं. मला ते फार मोलाचं वाटतं.

तुम्हाला नवगाव लांब नाही. गलबत फुटून वाचलेली आपल्या पूर्वजांची सात जोडपी तिथे किनाऱ्याला लागली, असं बेने इस्रायली सांगतात. बुडालेल्यांना पुरलं ती जागाही तिथलीच. आजींच्या घरचं कुणी गावी आलं तर त्यांच्याबरोबर जाऊन या.

आणि खाणीतला फोटो पुसू नका. छापून घ्या, मागे लिहा : दगड सिनेमाचे, खाण लिबानची, खरे दगड प्लाशुवच्या रस्त्यात होते. एक प्रत भाच्याला द्या. पुढच्या खेपेला मुलाला घेऊन त्या माळावर जा, गाईड नको.