छाटणीच्या आत ठरवायच्या गोष्टी

नाशिक, ऑगस्ट

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला महिन्याचा हिशोब नीट वाचला. डायपर, डॉक्टरांची फी, लसी, ऑक्टोबरपासून लागेल म्हणून डब्याचं दूध, आणि खाली तुझा प्रश्न, ‘काकू, यातलं काय कमी करू?’ आकडे व्यवस्थित मांडलेस, पण एक खर्च त्यात आलाच नाही. मागे तुमच्याकडे पाथर्डी फाट्याला आले होते, तेव्हा सूनबाई बोलता बोलता भिंतीला टेकून झोपली. लेक चार महिन्यांची झाली आणि तिच्या आईला सलग चार तास झोप नाही. हिशोबाची सुरुवात मी तिथून करीन.

सिडकोत पाळणाघर चालवत होते तेव्हा रोज सकाळी दारात आईबाप बघायचे. ज्या घरात मदतीचे हात होते, तिथली माणसं बेतशीर पगारातही हसतमुख असायची. वस्तूंनी भरलेल्या पण माणूस नसलेल्या घरातली दोघं दारातच एकमेकांवर खेकसायची. म्हणून माझं एकच सांगणं आहे. जो रुपया तुम्हा दोघांना झोप किंवा मोकळा तास मिळवून देतो, तो आनंदाने खर्च कर. बाकीच्या रुपयाला दहा प्रश्न विचार.

डायपरचंच बघ. दिवसाला सहा-सात, एक दहा-बारा रुपयांचा, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या आसपास जातात. घरी असताना सुती लंगोट वापरले तर निम्मे तरी वाचतील. पण लंगोट धुणार कोण? तू धुणार असशील तर ती बचत. सूनबाईच धुणार असेल तर पैसे वाचले आणि भार तिच्या अंगावर गेला, तेव्हा डायपरच चालू दे.

वॉकर घेऊ नकोस. त्याने मूल लवकर चालत नाही, आणि गॅसपर्यंत किंवा जिन्यापर्यंत मात्र झटकन पोचतं. पाळणा गावाकडचा आहे तो चांगला आहे. कपडे भावाच्या मुलांचे आण, तीन महिन्यांत आखूड होणाऱ्या झबल्यांवर काय पैसे घालायचे!

लसींचं मात्र नीट समजून घे. बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटा, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि त्यात काही कमी नसतं. फ्लू, कांजिण्या अशा लसी सरकारी वेळापत्रकात नाहीत, त्यांचे पैसे बाजूला ठेव. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर येईल, तारीख आत्ताच लिहून ठेव. आणि बारशाला ठेवलेलं नाव जन्मदाखल्यावर चढवलंस का? पहिल्या वर्षाच्या आत ते विनाशुल्क होतं.

आता मुख्य गोष्ट. सूनबाईची २६ आठवड्यांची रजा ऑक्टोबरात संपते, आणि नेमकी तेव्हाच निफाडला आपल्या द्राक्षबागेत गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू होते. तू गृहीत धरलंयस की तुझ्या आई येऊन राहतील. छाटणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), विरळणी, मग फेब्रुवारी-मार्चात काढणी. बागेत माणूस मिळत नाही म्हणून त्या स्वतः उभ्या असतात हे तुला माहीत आहे. त्यांना ‘येशील ना?’ असं विचारू नकोस. त्या हो म्हणतील आणि जीव तिकडे टांगलेला राहील. ‘कोणते महिने जमेल?’ असं विचार. एप्रिलातली खरड छाटणी, म्हणजे काढणीनंतरची वेलींची छाटणी, उरकल्यावर त्या महिना-दीड महिना निवांत येऊ शकतील. मधल्या काळाची सोय तुम्हालाच करायची आहे.

पाळणाघर बघायला जाशील तेव्हा वेळ ठरवून जाऊ नकोस. दुपारी बारा-साडेबाराला जा, जेवण आणि झोप यांच्या मधली ती सगळ्यात अवघड वेळ. एका बाईच्या वाट्याला किती मुलं आहेत ते मोज. रांगती बाळं मोठ्या मुलांपासून वेगळी ठेवतात का, रडणाऱ्या मुलाला कोणी उचलतं का, की टीव्ही लावून देतात? बाथरूममध्ये डोकाव, दाराला कडी किती उंचीवर आहे ते बघ. आणि एक माझी खास खूण सांगते. चांगली बाई तुला फी सांगायच्या आधी बाळाबद्दल विचारते, कशी झोपते, काय दिलं की शांत होते, कोणाकडे राहते. जिने काहीच विचारलं नाही तिच्याकडे ठेवू नकोस, मग ती घराशेजारी असली तरी. फीमध्ये घासाघीस करू नकोस. तो पैसा तुमच्या दोघांच्या नोकऱ्या टिकवतो.

सूनबाईला कंपनीत विचारायला सांग. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. नाहीच जमलं तर दूध काढायचा चांगला पंप घ्या. काढलेलं दूध फ्रिजमध्ये दिवसभर सहज टिकतं. डब्याच्या दुधाचा आकडा मग तुझ्या यादीतून बराच खाली येईल. सहा महिने पुरे होईपर्यंत वरचं काही नको, पाणीसुद्धा नको, आणि वर्षाची होईपर्यंत मध चाटवायचा नाही, कोणीही कितीही आग्रह केला तरी.

पाळणाघरात घातल्यावर पहिले काही महिने ती सारखी आजारी पडेल. सर्दी, ताप, जुलाब. घाबरू नका, पण रजा शिल्लक ठेवा. तापलेलं मूल कोणतंही चांगलं पाळणाघर ठेवून घेत नाही. खासगी नोकरीत बापाला बाळासाठी हक्काची रजा कायद्याने नाही, म्हणून तुझ्या साध्या रजा आत्तापासून जपून वापर. पहिला ताप तिने काढला तर दुसरा तू काढ. जुलाबात ओआरएस लगेच सुरू करा, झिंक डॉक्टर सांगतील तसं चौदा दिवस पूर्ण द्या. खोकल्याचं औषध मनाने कधीच देऊ नका.

कामाला मावशी लावलीस तर मनापासून आनंद होईल. दोन तास भांडी-धुणं तिच्याकडे गेलं की सूनबाई झोपू शकेल. पण तिलाही लहान मूल असेल, हे विसरू नकोस. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल आणि मुलगी १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेली असेल, तर ‘लेक लाडकी’ योजनेत जन्मापासून १८ वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये मिळतात. अंगणवाडी सेविकेकडे अर्ज करायला तिच्यासोबत एकदा तू जा. कागद बघून या बायका दबकतात.

विम्याचा एजंट मुलीच्या नावाची पॉलिसी घेऊन येईल. आधी तुम्हा दोघांचा साधा टर्म इन्शुरन्स, आणि मेडिक्लेममध्ये लेकीचं नाव. मग सुकन्या समृद्धीचं खातं पोस्टात उघड, वर्षाला २५० रुपयांपासून चालतं.

रात्रीचं आजपासूनच बदल. दहा ते दोन बाळ तुझ्याकडे. दूध काढून ठेवलेलं असेल तर तू पाज, नाहीतर पाजायला तिच्याकडे दे, आणि ढेकर काढून, थोपटून तूच झोपव. तिने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. अंबडला आठची पाळी असताना जड जाईल, मला कळतं. तरी कर.

गुरुवारी दुपारी मी मोकळी असते. लेकीला माझ्याकडे सोडा, किंवा मी येते. आईंना निफाडला फोन या आठवड्यात कर आणि पाळणाघराची नावं मला कळव, बघायला मीही येईन.

सूनबाईला आशीर्वाद, लेकीला गोड पापा.

तुझी,
काकू