खानापूरचा भाऊ उपचाराला तयार नाही. त्याला धारवाडला जबरदस्तीने ॲडमिट करता येईल का? कागद कन्नडमध्ये असतील तर?

येईल, पण केवळ घरच्यांनी "ह्याचं डोकं फिरलंय" म्हटलं म्हणून नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 केंद्राचा आहे, त्यामुळे धारवाड काय आणि कोल्हापूर काय, नियम तेच. कलम 89 नुसार अर्ज त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे उपचारांच्या निर्णयात मदतीसाठी त्याने नेमलेल्या व्यक्तीने करायचा. त्याने कुणाला नेमलं नसेल तर नातेवाईक ती जागा घेऊ शकतात. मग एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरे एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, दोघं त्याला स्वतंत्रपणे तपासतात. स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न, दुसऱ्यावर हिंसा, किंवा स्वतःची काळजीही घेता येत नाही इतकी अवस्था, असं अलीकडचं काही दिसायला हवं. मुदत जास्तीत जास्त 30 दिवस. पुढे ठेवायचं तर कलम 90. साखळीने बांधायला कलम 95 ची सक्त मनाई आहे, घरून नेताना तुम्हीही तसलं काही करू नका.

कागदांचं म्हणाल, तर कलम 22 तुमच्याच बाजूचं आहे: आजार कोणता, कुठल्या कलमाखाली ठेवलंय, औषधांचे दुष्परिणाम काय, हे रुग्णाला आणि प्रतिनिधीला समजेल अशा भाषेत सांगणं डॉक्टरांची जबाबदारी आहे. मराठीतून समजावून घ्या, मगच सही करा.

मात्र भाऊ नुसता हेकट असेल, जातीबाहेर लग्न करायचं म्हणत असेल, तर तो कायद्याने आजार नव्हे. दारूच्या व्यसनातून उद्भवलेला मानसिक त्रास मात्र व्याख्येत बसतो. आधी 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत नंबरवर बोलून बघा.