प्रश्न तुमचे : वोडकाचा पेला आणि पोलंडमधली उपवर मुलगी

प्रश्न : जुन्या पोलिश खेड्यांबद्दल वाचताना ‘मुलीने वोडका घेतली आणि लग्न ठरले’ असे सारखे येते. तिला नाही म्हणता येत असे का?

उत्तर : येत असे, पण वेळ साधावी लागे. मुलाकडचा मध्यस्थ बहुधा गुरुवारी किंवा शनिवारी संध्याकाळी बाटली घेऊन येई. लग्नाचा विषय तो थेट काढत नसे. ‘तुमच्याकडे कालवड विकाऊ आहे म्हणे’, अशी सुरुवात. मग तो पेला मागे. घरच्यांनी पेला दिला की निम्मे काम झाले आणि मुलीने घोट घेतला की बोलणी पक्की. नको असेल तर ती पेल्याला ओठच लावत नसे. पाहुण्यांचीही शोभा होत नसे. ते कालवडीसाठीच आले होते ना!

घोट घेतल्यावर मात्र माघार अवघड. चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवारी लग्नाची घोषणा होई, म्हणजे सगळ्या गावाला बातमी. शिवाय नाताळाआधीच्या आणि ईस्टरआधीच्या उपासकाळात लग्ने होत नसत. त्यामुळे उपास लागायच्या आत उरकण्याची घाई, आणि या घाईत मुलीला विचारायचे राहूनच जाई.

नकार म्हणून बदकाच्या रक्ताचे काळे सूप, चेर्निना, वाढत असे सांगतात. ती मुख्यतः जमीनदार घराण्यांतली रीत. शेतकऱ्याच्या घरात ती सरसकट दाखवणे चूक.

प्रश्न : मुलीच्या मनाविरुद्ध म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावायचे, एवढे त्यात काय होते?

उत्तर : जमीन. रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये १८६४ साली वेठबिगार संपली आणि कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळाली. माप ‘मुर्ग’चे, एक मुर्ग म्हणजे साधारण ०.५६ हेक्टर. एकाच घराच्या पट्ट्या गावभर विखुरलेल्या असत. वारसाहक्कात कायदा मुलीला मुलाइतकाच वाटा देई, पण प्रत्यक्षात जमीन भावाकडे राही आणि तिच्या पदरी गाय, पेटी, पिसांच्या गाद्या व थोडी रोकड पडे. मग विधुराने लग्नाआधी नोटरीसमोर चार-सहा मुर्ग तिच्या नावे केले, तर आईला तो फायद्याचाच सौदा वाटे. विधुराची मोठी मुले मात्र खवळत, कारण ते मुर्ग त्यांच्या वाट्यातून जात.

म्हाताऱ्यांनी जमीन मुलाला देताना करायचा करार वेगळा. त्यात खोली, इतके कोझेत्स राय हे धान्य (एक कोझेत्स म्हणजे १२८ लिटर), बटाटे, एका गाईचे दूध, सरपण असे नगास नग लिहून घेत. तोंडी विश्वासावर राहणाऱ्याला पुढे चुलीजवळचा कोपराच मिळे.

प्रश्न : घर सोडलेल्या मुलीचे पुढे काय होई?

उत्तर : दुसऱ्याच्या शेतावर सालाने राहायचे, वूच शहरातल्या कापड गिरणीत जायचे किंवा हंगामापुरते जर्मनीत बीट आणि बटाटे काढायला जायचे. जर्मनीतून हिवाळ्यात परतणे सक्तीचे होते, त्यामुळे गावाशी संबंध तुटत नसे.

आणि गाव विसरत नसे. लग्नात नवरीला कणीक मळायच्या पालथ्या काथवटीवर बसवून वेणी सोडत आणि डोक्यावर टोपी घालत. ती विवाहितेची खूण. लग्नाशिवाय मूल झालेल्या मुलीलाही डोके झाकावे लागे. फक्त तिच्यासाठी काथवट नसे, गाणी नसत.