वाचक विचारतात : सकाळी डिझेल गाडी सुरू होत नाही, नवे हीटर प्लग टाकले तरी तेच

प्रश्न : माझी जुनी चार सिलिंडरची डिझेल गाडी आहे. थंडीत सकाळी सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन पकडत नाही, मागून पांढरा धूर येत राहतो, आणि चौथ्या-पाचव्या वेळी सुरू झालीच तर मिनिटभर थडथडते. एकदा गरम झाली की दिवसभर एका झटक्यात सुरू. चारही हीटर प्लग नवे टाकले, मधे थंडी कमी होती तेव्हा बरं वाटलं, थंडी परत आली तसं पुन्हा तेच. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागतो आणि विझतो, रिलेचा (प्लगला करंट सोडणाऱ्या स्विचचा) टक आवाजपण येतो. मेकॅनिक आता डिझेलचा पंप खोलायचं म्हणतोय. खोलू का?

उत्तर : अजिबात नको, निदान आत्ता तरी नाही. तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे पंप आणि नोझल डिझेल आत टाकतायत पण ते पेटत नाहीये. डिझेलला ठिणगी नसते, हवा दाबून जी उष्णता होते त्यावरच ते पेटतं आणि थंड इंजिनात ती उष्णता सिलिंडरच्या गार भिंती खाऊन टाकतात, म्हणून तर आतून ऊब द्यायला हीटर प्लग असतो. सेल्फ मारताना धूरच आला नसता तर मी आधी डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरतेय का ते बघायला सांगितलं असतं.

आता दिवा आणि टक आवाज. या दोन गोष्टींवर विसंबून किती जणांनी चांगले प्लग फेकून दिले असतील, मला मनापासून वाईट वाटतं. बऱ्याच गाड्यांत तो दिवा टायमरवर चालतो, प्लग गरम झाला की नाही ते त्याला माहीतच नसतं. आणि टक आवाज म्हणजे रिलेची कॉइल ओढली एवढंच, आतले कॉन्टॅक्ट जळून काळे पडले असतील तरी आवाज तसाच येतो. एकेक प्लग सुरुवातीला दहा-वीस अँपिअर घेतो, चारांचे मिळून पन्नासच्या वर जातात, आणि वर्षानुवर्षं एवढा करंट तोडून-जोडून कॉन्टॅक्ट खराब होणारच.

तपासणी अशी करा. इंजिन पूर्ण थंड असताना मल्टीमीटरची एक पिन चारही प्लगना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला, आणि कोणालातरी चावी फिरवायला सांगा. बॅटरीच्या जवळपास, म्हणजे ११ व्होल्टच्या वर दिसायला हवं. आठच दिसले तर प्लगची उष्णता साधारण निम्म्यावर आली असं समजा. मात्र हे मोजताना प्लग जोडलेलेच ठेवा!! पट्टी काढून नुसती वायर मोजली तर जळलेल्या कॉन्टॅक्टमधूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण करंटच वाहत नसतो, आणि माणूस म्हणतो रिले ठीक आहे. इथेच सगळे फसतात.

व्होल्ट कमी आले तर रिलेच्या ३० आणि ८७ या (करंट आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या) टर्मिनलांवर मीटर लावून पुन्हा चावी फिरवा. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर रिले बदला, तो खोलून घासत बसू नका. तिथे कमी असेल तर मोठा फ्यूज, त्याचे गंजलेले नटबोल्ट, आणि इंजिनची अर्थिंग बघा. प्लगवर व्होल्ट पूर्ण असतील तर मग पट्टी काढून एकेक प्लग ओहममध्ये मोजा, चांगला प्लग दोन ओहमच्या आत दाखवतो, तुटलेला काहीच दाखवत नाही. पट्टी न काढता मोजलं तर चारही एकमेकांना जोडलेले असल्याने तुटलेला लपून जातो. आणि प्लग काढायचे झाले तर इंजिन कोमट करून, गंज सोडवणारं तेल टाकून, हळूहळू, जोर लावून एखादा इंजिनच्या हेडमध्येच तुटला तर खर्च कुठल्या कुठे जातो.

एक हात जोडून विनंती, हीटर प्लग असलेल्या इंजिनात, ते पटकन सुरू व्हावं म्हणून मारतात तो ईथरचा स्प्रे मारू नका. लाल प्लगवर तो वेळेआधीच भडकतो, पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड जातो आणि हवेच्या पाइपात भडका उडून हात-तोंड भाजू शकतं.

प्रश्न : माझ्या गाडीचे प्लग सारखे जळतात आणि रात्रभर उभी ठेवली की बॅटरी उतरते. दोन्हीचा संबंध असेल का?

उत्तर : दाट शक्यता आहे. रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले की चावी काढली तरी प्लग चालूच राहतात. चावी काढून पट्टीवर मीटर लावा, व्होल्ट दिसले तर लगेच बॅटरीची तार सोडवा आणि आधी रिले बदला, प्लग त्यानंतर. आणि नवीन गाडी असेल तर प्लग थेट बॅटरीला लावून तपासू नका, काही प्लग पाच-सात व्होल्टचेच असतात, १२ वर काही सेकंदांत जातात.