उलुरू वगळू नका, पर्थ वगळा

चौदा दिवसांत ऑस्ट्रेलियातले सिडनी, मेलबर्न, केर्न्स, उलुरू हा प्रचंड खडक आणि पर्थ पाहायचे आहे, त्यासाठी गाडी भाड्याने घ्यावी की विमानाने फिरावे, आणि वेळ अपुरा पडलाच तर ‘उलुरू वगळला तर चालेल का, शेवटी तो एक दगडच ना’, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर नकाशा घेऊन बसणारा कोणीही देऊ शकेल. मी लिहायला बसलो तो या शेवटच्या वाक्यामुळे. हेच वाक्य मी २०१७ च्या जुलैमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यावर, आमच्या भावोजींच्या तोंडून ऐकले होते, आणि ताईच्या यजमानांना उलट बोलू नये म्हणून त्याचे उत्तर तेव्हा गिळले होते.

विमान की गाडी, हे आधी उरकतो. ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक आहे, आणि वस्ती मात्र बहुतांशी किनाऱ्यालगतच्या मोजक्या शहरांत एकवटलेली आहे. सिडनी ते मेलबर्न हे सुमारे ८८० किलोमीटर एका लांबलचक दिवसात काटता येतात. सिडनी ते केर्न्स अडीच हजारांच्या आसपास जाते. आणि सिडनीहून पर्थला जाणारी इंडियन पॅसिफिक ही रेल्वे ४,३५२ किलोमीटर धावते, वाटेत तीन रात्री घेते आणि नलारबॉरच्या माळावर तिचे रूळ सलग ४७८ किलोमीटर एकही वळण न घेता जातात. तेव्हा शहरा-शहरांमध्ये विमान घ्यावे, आणि जिथे रस्ता हेच पाहण्याचे ठिकाण आहे तेवढ्या टापूपुरती गाडी घ्यावी. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भीती वाटत नाही, आणि माझ्या मते खरा धोका तोच आहे. रस्ता ओळखीचा वाटतो, अंतर मात्र अनोळखी असते.

आमचे नेमके तेच झाले. आम्ही चौघे होतो: ताई, भावोजी, माझी पत्नी आणि मी. सहलीचा तक्ता भावोजींनी केला होता आणि त्यात प्रत्येक दिवसापुढे ठिकाणाचे नाव व टिकमार्क करायला चौकोन होता. सिडनीहून आम्ही विमानाने अ‍ॅलिस स्प्रिंग्जला उतरलो, कारण भावोजींच्या समजुतीप्रमाणे उलुरू हा अ‍ॅलिस स्प्रिंग्जचा ‘लोकल साइटसीइंग’ होता. नकाशावर ते अंतर दोन बोटांचे दिसते; प्रत्यक्षात ते एका बाजूचे सुमारे साडेचारशे किलोमीटर आहे. तिथे मुक्काम करू या, असे मी दोनदा सुचवले, पण त्यासाठी तक्त्यातला एक चौकोन रिकामा राहिला असता. ‘अरे, चढायचे, फोटो काढायचा, परत यायचे. एका दगडापुढे रात्रभर काय बसायचे?’ असे ते म्हणाले. तेव्हा उलुरूवर चढायला बंदी नव्हती. चढू नका अशी तिथल्या मूळ रहिवाशांची, अनांगू लोकांची, विनंती मात्र होती, आणि आम्ही ती वाचलेली नव्हती.

गाडीच्या करारात एक कलम होते, जे आपणही नीट वाचावे: शहराबाहेर सूर्यास्तानंतर गाडी चालवल्यास विमा लागू होणार नाही. कारण कांगारू. ते सांजसकाळी रस्त्यावर येतात आणि वेगातल्या गाडीपुढे त्यांची व आपली दोघांचीही धडगत नसते. जुलैत तिथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आम्ही साडेआठला निघालो. दोनशे किलोमीटरवर अर्लडंडाचा तिठा लागतो. तिथे स्टुअर्ट हायवे सोडून उजवीकडे लॅसेटर हायवेला वळायचे. तिठ्यावर पेट्रोल पंप, खानावळ आणि दुकान एकाच छपराखाली आहे. पेट्रोल भरून, चहा घेऊन, एमू पाहून आम्ही पुढे निघालो तेव्हा अकरा वाजले होते, आणि मी मनातल्या मनात केलेला हिशेब भावोजींनीही केलेला असावा, कारण त्यानंतर ते गप्प झाले.

साडेबाराच्या सुमारास डाव्या हाताला तो दिसला. लाल मातीच्या सपाटीतून अचानक वर आलेला एकुलता एक प्रचंड डोंगर, आजूबाजूला काही नाही. ताईने टाळी वाजवली. मी गाडी कडेला घेतली. सगळ्यांचे फोटो झाले, जोडीजोडीने झाले, भावोजींचा कमरेवर हात ठेवलेला झाला. मला एक गोष्ट खटकत होती: याचा माथा टेबलासारखा सपाट होता, आणि पाहिलेल्या प्रत्येक चित्रात उलुरूचा माथा गोलसर होता. मी तसे म्हणालोही. ‘डोंगर प्रत्येक बाजूने वेगळा दिसतो रे,’ असे उत्तर आले. चढायची वाट कुठे दिसत नव्हती, मध्ये गुरांच्या कुरणाचे तारेचे कुंपण होते, दुसरी एकही गाडी थांबलेली नव्हती. त्यावर भावोजींनी ‘वाऱ्यामुळे आज बंद ठेवले असणार’ असा निकाल दिला आणि घड्याळ दाखवले. फोनला रेंज नव्हती. आम्ही गाडी वळवली.

अर्लडंडाला परत पेट्रोल भरताना मी दुकानात शिरलो आणि पोस्टकार्डांच्या फिरत्या मांडणीवर मला आमचा सपाट माथ्याचा डोंगर दिसला. खाली नाव होते माउंट कॉनर. गल्ल्यावरच्या बाईंना माझा चेहरा पाहूनच सारे कळले. रोज कोणी ना कोणी फसते, म्हणूनच त्याला गमतीने ‘फुलुरू’ म्हणतात, असे त्यांनी सांगितले. बाहेर येऊन मी ते कार्ड भावोजींपुढे धरले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, ‘मग काय झाले? हाही दगड, तोही दगड.’ माझ्या पत्नीने सकाळी हॉटेलातून थर्मासमध्ये चहा भरून घेतला होता, उलुरूसमोर बसून प्यायला. तिने तो त्या पेट्रोल पंपाच्या आवारात, डिझेलच्या वासात, चार कागदी पेल्यांत ओतला आणि कोणाकडेही न पाहता वाटला. तिने त्यावर आजतागायत एक शब्द काढलेला नाही.

आता ‘हाही दगड, तोही दगड’चे उत्तर. माउंट कॉनर हा आडव्या थरांचा, सपाट माथ्याचा डोंगर आहे. उलुरूचे थर सुमारे ८५ अंशांनी कललेले, म्हणजे जवळजवळ उभे आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी आडवा साचलेला वालुकाश्म भूकवचाच्या हालचालींनी कुशीवर उभा केला गेला, आणि जमिनीवर दिसणारा ३४८ मीटर उंचीचा भाग हे त्या थरांचे केवळ वर डोकावणारे टोक आहे. त्याच्या अंगावर दिसणाऱ्या समांतर घळी म्हणजे त्या थरांच्या कडा होत. हे मी पुस्तकात वाचून सांगत असलो तरी पाहिलेही आहे, कारण २०२३ च्या जूनमध्ये आम्ही दोघेच पुन्हा गेलो. या वेळी सिडनीहून थेट उलुरूजवळच्या विमानतळावर उतरलो आणि तिथल्या युलारा या गावी तीन रात्री राहिलो.

पायथ्याची प्रदक्षिणा सुमारे १० किलोमीटरची आहे आणि ती सावकाश केली तर चार तास लागतात. दुरून गुळगुळीत दिसणारा तो खडक जवळून खवल्याखवल्यांचा आहे. गंजलेल्या पत्र्याचे पोपडे निघावेत तसे त्याचे पापुद्रे सुटतात, आणि तो लाल रंग खरोखरच गंजाचा आहे, कारण खडकातल्या लोहाचे वरच्या वर ऑक्सिडीकरण झालेले आहे. गुहांच्या आत, जिथे हवापाण्याचा मारा कमी, तिथे खडकाचा मूळचा राखाडी रंग शिल्लक आहे. पावसाचे पाणी जिथून धबधब्यांसारखे उतरते तिथे काळे पट्टे उमटले आहेत, आणि त्यांच्या तळाशी मुटिट्जुलूच्या डोहाकाठी हिरवी झाडे आहेत. पश्चिमेच्या अंगाला एक फिकट रेघ वर जाते. ती माणसांच्या चढण्याने घासून निघालेली वाट आहे. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढणे कायमचे बंद झाले. १९८५ साली याच तारखेला ही भूमी अनांगू लोकांना परत मिळाली होती. काही जागी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, कारण त्या जागा त्यांच्या लेखी पवित्र आहेत, आणि तिथे कॅमेरा खाली ठेवून नुसते उभे राहिल्यावर मला पहिल्यांदा जाणवले की त्या तक्त्यात चौकोन होते, पाहायला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही पश्चिमेकडच्या काटा ट्जुटाला गेलो. ३६ घुमटांचा तो समूह, ज्याच्या नावाचा अर्थच ‘अनेक डोकी’ असा आहे, मला उलुरूहून काकणभर सरस वाटला. हे दोन्ही ज्या राष्ट्रीय उद्यानात आहेत त्याचा प्रवेश परवानाही तीन दिवसांचा असतो. एका दिवसात उरकण्याची जागा असती तर तो तसा ठेवला नसता, हे भावोजींना सांगायचे राहून गेले आहे.

तेव्हा आपल्या चौदा दिवसांतून पर्थ काढून टाका. सिडनीला चार दिवस द्या, त्यातला एक रेल्वेने जाऊन ब्लू माउंटन्सला. मेलबर्नला चार, आणि त्यात ग्रेट ओशन रोड या समुद्रकाठच्या रस्त्यावर एका दिवसात जाऊन येण्याच्या फंदात न पडता वाटेतल्या पोर्ट कॅम्बलला एक रात्र काढा. तो रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी बांधला आणि तिथला किनारा अजूनही ढासळतो आहे: १९९० मध्ये लंडन ब्रिज नावाच्या खडकाची जमिनीकडची कमान कोसळली तेव्हा पलीकडे अडकलेल्या दोन पर्यटकांना हेलिकॉप्टरने आणावे लागले होते. केर्न्सला तीन दिवस पुरतात, आणि उरलेले तीन कुठे द्यायचे ते वर सांगितलेच आहे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. आपण कोणत्या महिन्यात जाणार ते प्रश्नात लिहिलेले नाही, आणि माझे सगळे म्हणणे मे ते सप्टेंबर धरून आहे. डिसेंबर-जानेवारीत उलुरूला पारा चाळिशीपार जातो, तोंडावर माश्यांची जाळी बांधून फिरावे लागते, आणि तापमान ३६ अंशांवर जाणार असा अंदाज असला तर काटा ट्जुटाच्या दरीतली वाट सकाळी अकरालाच बंद होते. अशा वेळी तीन रात्रींऐवजी दोन पुरे. नोव्हेंबर ते मे या काळात केर्न्सच्या समुद्रात विषारी जेलीफिश असतात, म्हणून अंगभर पोशाख घालून उतरावे लागते. उद्यानाच्या जवळ राहायला युलाराखेरीज दुसरे गाव नाही, त्यामुळे तिथले दर डोळे पांढरे करणारे आहेत, आणि बरोबर लहान मुले असतील तर एवढा खर्च करण्याआधी दोनदा विचार करावा, हेही मान्य करतो. पर्थशी माझे वैर नाही. तो देशाचा दुसरा काठ आहे आणि त्याला स्वतंत्र सहल हवी, एवढेच.

ताईच्या घरी दिवाणखान्यात भावोजींचा कमरेवर हात ठेवलेला तो फोटो चौकटीत लावलेला आहे आणि खाली ‘उलुरू, २०१७’ असे लिहिले आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ‘काही विशेष नाही, एक दगड आहे’ असे सांगतात आणि मी चहा पीत राहतो. आपण जर अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून गाडीनेच गेलात आणि लॅसेटर हायवेवर डाव्या हाताला सपाट माथ्याचा डोंगर दिसला, तर जरूर थांबा, सुंदर आहे तो. पण गाडी वळवू नका. उलुरू तिथून अजून शंभराहून अधिक किलोमीटर पुढे आहे.